पेटीचा सौदा उपरण्याखाली

१४ जून २०२४, शुक्रवार. दुपारी घोडेगावचा म्हशींचा बाजार उठला तेव्हा गोरक्ष दहातोंडेच्या बंडीच्या आतल्या खिशात बारा हजार तीनशे पन्नास रुपये होते. ही काही एका दिवसाची कमाई नव्हती. मागच्या पाच बाजारांची दलाली, बायकोने दुधाच्या पगारातून बाजूला काढलेले तीन हजार आणि एका गिऱ्हाइकाकडे अडकलेली जुनी बाकी त्याच दिवशी सुटली तिचे नऊशे, असे मिळून ते जमले होते. त्यातले साडेतीनशे एस.टी.ला आणि वरखर्चाला. बारा हजार पेटीला.

पेटी म्हणजे वाजवायची पेटी, हार्मोनियम. दहातोंड्यांच्या घरात आजवर टाळ सोडून दुसरे वाद्य कुणी हातात धरले नव्हते. आणि आता गोरक्ष आपल्या बारा वर्षांच्या संस्कृतीला घेऊन दुसऱ्या दिवशी नगरला पेटी आणायला निघणार होता. बाजारातून घरी येताना मोटारसायकलवर तो दर फर्लांगाला खिसा चाचपत होता. एखाद्या नवख्या शेतकऱ्याने पहिली म्हैस घ्यायला निघावे तसे त्याचे झाले होते, आणि हे त्याचे त्यालाच नवल वाटत होते.

गोरक्ष घोडेगावच्या बाजारातला दलाल. वय अठ्ठेचाळीस. दोन एकर जिरायत, दोन म्हशी आणि दर शुक्रवारी खांद्यावर टाकायचे पांढरे उपरणे, एवढा त्याचा संसार. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभे राहायचे, हातांवर उपरणे टाकायचे आणि त्याखाली बोटे धरून भाव सांगायचा, हे तो अठराव्या वर्षापासून करत आला. भाव तोंडाने बोलायचा नाही, कारण शेजारी दहा जण कान टवकारून उभे असतात. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. आधी मोठा आकडा, मग लहान. धरलेले बोट लाखाचे, दहा हजारांचे की हजाराचे, हे कुणी सांगत बसत नाही. समोरचे जनावर बघून ते दोघांनाही कळलेले असते. हाताला झटका दिला की सौदा पक्का. मग आभाळ कोसळले तरी मागे फिरायचे नाही.

तीस वर्षांत गोरक्षच्या हातून झालेला एकही सौदा मोडला नव्हता. त्याची दलालीही कुणी बुडवली नव्हती. बुडवू पाहणाऱ्याच्या ओट्यावर तो जाऊन बसे, चहा घेई, गप्पा मारी आणि पैसे घेतल्याशिवाय उठत नसे. "मधल्या माणसाची दलाली देताना जो मागंपुढं बघतो," तो म्हणायचा, "त्याच्या दावणीला मी परत उभा ऱ्हात न्हाई."

या माणसाच्या घरात पेटी शिरली ती पुष्पावतीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, दुधाच्या पगारातून. सोनईला पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आरती मॅडमचा संगीताचा क्लास चालतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मॅडमनी संस्कृतीला एकदा पेटीशी बसवले आणि पोरगी तिथून उठेना. महिन्याला सहाशे रुपये फी. पुष्पावतीने गोरक्षला न विचारता पहिल्या महिन्याचे भरले आणि मग सांगितले. गोरक्षने लगेच हिशेब मांडला. वर्षाचे बहात्तरशे, परीक्षेची फी वेगळी, पुस्तके वेगळी, दर रविवारचे सोनईचे जाणे-येणे वेगळे. एवढ्यात एका म्हशीची तीन महिन्यांची पेंड निघते. पण पैसे दुधाचे होते आणि दुधावर सत्ता पुष्पावतीची, त्यामुळे तो गप्प बसला. असे दीड वर्ष गेले.

मे महिन्यात आरती मॅडमनी पालकांना बोलावून घेतले. क्लासात पेट्या दोन आणि मुले चौदा. एकेकाच्या वाट्याला दहा मिनिटेही येत नाहीत. जून महिन्यातल्या सोळा तारखेपासून त्या परीक्षेची वेगळी तुकडी सुरू करणार होत्या, आणि त्या तुकडीत घरी पेटी असलेलीच मुले घेणार होत्या. हे सांगताना बाईंचा चेहरा पडला होता. त्या म्हणाल्या, "ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांचा आठवडाभर हातच बसत नाही. रविवारी आली की मागचं सगळं पुन्हा. मग बाकीच्यांना थांबावं लागतं. संस्कृतीला मी सोडावं असं मला वाटत नाही, पण नियम एकीसाठी मोडला तर चौदा जणांसाठी मोडावा लागेल."

नवी पेटी पंचवीस हजारांच्या पुढे. जुनी, चांगली, दुहेरी सुरांची मिळाली तर पंधराच्या आसपास. गोरक्षने ऐकून घेतले, मान हलवली आणि जिना उतरताना पोरीला म्हणाला, "एवढ्यात पारडी येती."

घरी जाऊन संस्कृतीने चुलीपुढच्या पाटावर कोळशाने पेटीच्या पट्ट्या काढल्या, काळ्या आणि पांढऱ्या, आणि त्यावर बोटे चालवत बसली. पुष्पावतीने तो पाट पोळपाटाखाली घेतला नाही की धुतला नाही. गोरक्ष जेवायला बसे तेव्हा तो पाट बरोबर त्याच्या समोर असे.

तरीही तो हलला नसता. त्याला हलवले ते बाजारात अंगदने. अंगद दुसरा दलाल, गोरक्षचा बरोबरीचा आणि जिभेचा तिखट. भर बाजारात, पाच-सहा व्यापारी चहाला जमले असताना त्याने विचारले, "गोरक्ष, पोरगी पेटी शिकती म्हनं. घेतली का न्हाई पेटी? घे की. धारंच्या टायमाला वाजवली तर म्हशी पान्हवतील."

सगळे हसले. गोरक्षही हसला. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "घेनार हाय. पुढच्याच महिन्यात."

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आले की आपण काय बोललो. घोडेगावच्या बाजारात दलालाने चारचौघांत बोललेला शब्द म्हणजे पोटात गेलेले पाणी, परत काढता येत नाही. पण गंमत अशी की तो शब्द तोंडातून गेला आणि गोरक्षच्या अंगात वारे शिरले. वस्तू घ्यायची म्हटले की हा माणूस वेगळाच होतो. दुसऱ्यांसाठी त्याने हजारो जनावरे घेतली-विकली होती. स्वतःसाठी काही पारखून, घासून, भाव पाडून घ्यायची वेळ कितीतरी वर्षांनी आली होती. पुढच्या बाजारापासून तो पैसे बाजूला टाकू लागला. भजनी मंडळातल्या माणसांना पेटीत काय बघायचे ते विचारू लागला. भाता फुटका नसावा, पट्टी अडकू नये, सूर कुजका नसावा. "म्हंजे दम, पाय आन् दात," असे त्याने ते आपल्या भाषेत लावून घेतले.

शुक्रवारी संध्याकाळी, गोठ्यात धार काढणाऱ्या पुष्पावतीला त्याने आपला सगळा बेत सांगितला. उद्या पेटी आणायची. बारा हजारांच्या वर एक रुपया द्यायचा नाही. आणि पेटी घरी आली की परवा एकदा क्लासला नेऊन मॅडमना दाखवायची, महिनाभर त्यांच्याकडून काय ते नीट समजून घ्यायचे आणि क्लास बंद.

पुष्पावतीचा हात थांबला. "बंद म्हंजी?"

"म्हस दावणीला आल्यावर कुनी रोज बाजारात जातं का? पेटी घरात हाय, पुस्तक हाय, मोबाईलवर सगळं शिकवत्यात. दीड-पावणेदोन वर्सात फीच्या पैशातच पेटी फिटती."

हिशेब चोख होता. पुष्पावतीने बादली जरा जोरात खाली ठेवली. गोठा आणि घर यांच्यामध्ये पत्र्याची एकच भिंत आहे, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आले नाही.

शनिवारी सकाळी बाप-लेक एस.टी.ने नगरला निघाले. संस्कृती खिडकीशी बसली होती आणि मांडीवर बोटे आपटत होती. गोरक्ष तिला वाटेभर शिकवत होता. "वस्तू आवडली तरी तोंड कडू ठिवायचं. जनावराकडं बघून घेनारा हसला की हजार रुपयं वाढले म्हनून समज. मी खोड काढीन, तू मान हलवायची."

"आन् खोडच नसली तर?" संस्कृतीने विचारले.

"खोड नसलेलं जनावर अजून जन्माला यायचं हाय."

भजनी मंडळाने दिलेला पत्ता कल्याणरावांचा होता. दिल्लीगेटच्या अलीकडे एका बोळात त्यांचे वाद्य दुरुस्तीचे दुकान. साठीचा माणूस, नाकावर घसरलेला चष्मा, भिंतीला तबले, ढोलक्या आणि पोट उघडून ठेवलेल्या पेट्या. दुकानात एक म्हातारी बाई ढोलकीला नवे चामड्याचे पान चढवून घ्यायला आली होती. मुक्ताबाई तिचे नाव. महिला भजनी मंडळाची ती ढोलकी होती आणि ती चढवून होईपर्यंत उठायचे नाही, असे ठरवूनच ती बाकड्यावर बसली होती.

कल्याणरावांनी कोपऱ्यातली एक पेटी पुढे ओढली. नगरच्याच एका मास्तरांची, ते आता मुलीकडे नाशिकला राहायला गेलेले. भाता नवा घातला होता, सूर नीट जुळवून घेतले होते. सागाची, तपकिरी, कडेला थोडा रंग उडालेला.

गोरक्ष पेटीजवळ लगेच गेला नाही. आधी लांबून बघितली. मग मागच्या बाजूने फेरी मारली. मग खाली बसून भात्याला हात लावला, तो ओढला, सोडला आणि हवा किती वेळ टिकते ते बघितले. पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. शेवटी पेटीच्या पाठीवरच्या पुसट डागावर बोट ठेवून म्हणाला, "हे कशानं?"

"मास्तर तिथे चहाचा कप ठेवायचे," कल्याणराव म्हणाले.

"मार लागल्यावानी दिसतंय."

मुक्ताबाई पदराआडून हसली.

मग संस्कृती बसली. तिने भाता उघडला, एका बोटाने सा धरला आणि धरूनच ठेवला. क्लासातल्या दोन पेट्यांपैकी एक श्वास सोडायची आणि दुसरीच्या वरच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. इतका भरलेला, स्वच्छ सूर तिच्या बोटाखाली आजवर कधी आला नव्हता. ती सा वरून निघाली, वर गेली, खाली आली, मग दोन-दोन सुरांच्या जोड्या, मग तीन-तीन, हात पळायला लागला. तोंड मात्र बापाने सांगितल्याप्रमाणे इतके कडू ठेवले होते की कुणाला वाटावे, हिच्या पोटात दुखते आहे.

आणि गोरक्ष, तीस वर्षांचा कसलेला दलाल, सगळ्या दुकानाच्या देखत मोठ्याने म्हणाला, "वा."

संस्कृतीने त्याच्याकडे असे बघितले की त्याने मान खाली घातली. हजार रुपये तिथेच वाढले होते.

कल्याणरावांनी सोळा हजार सांगितले. गोरक्षने हात वर केला. माणसे बसली असताना भाव तोंडाने बोलत नसतात, असे म्हणून त्याने खांद्यावरचे उपरणे काढले. कल्याणरावांनी ते बघितले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. ते मूळचे श्रीगोंद्याकडचे. लहानपणी मामाबरोबर काष्टीच्या बाजारात शेळ्या विकायला जायचे, तेव्हा मामा असाच पंच्याखाली हात घालायचा. "पन्नास वर्षांनी बघतोय हे," ते म्हणाले आणि शाईने, सरसाने डागाळलेला हात त्यांनी धोतराला पुसून पुढे केला.

उपरणे दोघांच्या हातांवर पडले. गोरक्षने एक बोट धरले, सोडले, पुन्हा एक धरले. म्हणजे अकरा हजार. कल्याणरावांनी मान जोरात हलवली आणि गोरक्षचा पंजा धरला. पाच. वरचे दहा धरूनच चालायचे, म्हणजे पंधरा, असे गोरक्षने मनाशी वाचले. सोळावरून माणूस एका दमात पंधरावर आला, हे काही वाईट नव्हते. आता हळूहळू चढायचे. त्याने एक बोट धरले, मग दोन. बारा हजार. आणि पुढच्या झटापटीसाठी तो दम घेतो आहे तोच कल्याणरावांनी घाईघाईने त्याच्या हाताला झटका दिला. पक्का.

गोरक्षचा विश्वास बसेना. चार हजार पाडले आणि समोरचा हुं की चूं न करता कबूल. त्याने उपरणे झटकून खांद्यावर टाकले आणि संस्कृतीला खूण केली. आता तोंड गोड करायला हरकत नव्हती. पोरगी अशी हसली की मुक्ताबाईलाही हसू आले. कल्याणरावांनी चहा मागवला. पेटी जुन्या चादरीत बांधली गेली आणि संस्कृती तिला मिठी मारून दारात उभी राहिली. गोरक्षने आतल्या खिशातले पुडके काढले आणि बारा हजार मोजून दिले.

कल्याणरावांनी पुन्हा मोजले आणि हात पुढे केलेलाच ठेवला.

"वरचे?" ते म्हणाले.

"वरचे कसले?"

"अठ्ठावीसशे."

मग सगळे उलगडले. कल्याणरावांना वाटले होते की गोरक्ष किती कमी करायचे ते सांगतो आहे. मामाच्या बाजारात शेळ्यांच्या अख्ख्या कळपाचा भाव हजारा-शेकड्यांत चालायचा, तेव्हा एक बोट हजाराचे आणि दुसरे शंभराचे. या गृहस्थाने आधी अकराशे सोडा म्हटले. त्यांनी फक्त पाचशे सोडतो म्हणून पंजा धरला. तर हा उलट बाराशेवर गेला. आणखी ताणले तर तेराशे मागेल, या भीतीने त्यांनी चटकन पक्के केले. सोळा हजारांतून बाराशे गेले, राहिले चौदा हजार आठशे.

गोरक्षला आता कळले. आपण चढत होतो आणि समोरच्याला वाटत होते आपण आणखी खाली ओढतो आहोत. तीस वर्षांत जनावर समोर होते, म्हणून बोट कशाचे हे सांगायची कधी वेळ आली नव्हती. पेटीच्या तोंडावर काही लिहिलेले नसते.

"हातात धरलं ते धरलं," गोरक्ष म्हणाला. "माझा सौदा आजवर मोडलेला न्हाई. बारा."

"मीही मोडत नाही. चौदा आठशे. मास्तरांना मला तेरा द्यायचे आहेत, नवा भाता माझ्या पदरचा."

दोघेही खरे बोलत होते आणि दोघांनाही ते कळत होते, म्हणून तर कुणी आवाज चढवत नव्हते. दारात संस्कृतीने पेटी हळूच खाली ठेवली. उद्या सोळा तारीख होती. चादरीची गाठ तिने मुठीत धरून ठेवली होती, ती सुटली की पेटी परत कोपऱ्यात जाणार, हे तिला दिसत होते.

तेव्हा बाकड्यावरून मुक्ताबाई म्हणाली, "आरं, दोगंबी बाजारची मान्सं ना तुमी? सौदा अडला की मधी कुनीतरी पडतं. तेवढं इसरला व्हय?"

"तुम्हीच पडा, आक्का," कल्याणराव म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं. ज्या वस्तूचं भांडान, तिची मालकीन हुबी हाय की दारात."

गोरक्षने हसण्यावारी नेले असते, पण संस्कृती तोपर्यंत आत आली होती. सुट्टीतल्या प्रत्येक शुक्रवारी ती बापाबरोबर बाजारात गेलेली. तिने बापाच्या खांद्यावरचे उपरणे ओढून घेतले. "आप्पा, मधी पडते मी," ती म्हणाली. "पन मी दलाल झाले तर दलाली लागंल. दोघांकडून."

कल्याणराव हसत तयार झाले. गोरक्षनेही हो म्हटले. पोरीची दलाली ती केवढी असणार.

तिने एका हाताने कल्याणरावांचा हात धरला, दुसऱ्याने बापाचा, आणि वर उपरणे टाकले. आधी तिने स्पष्ट सांगितले, हे बोट दहा हजारांचं, मग हजाराचं, मग शंभराचं, आणि हा पेटीचा पुरा भाव, सूट न्हाई. गोरक्षच्या राठ तळव्यात तिची बारीक बोटे हलली. एक. मग तीन. मग चार. तेरा हजार चारशे. बारा आणि चौदा आठशे यांच्या बरोबर मध्ये. त्याने सवयीने तिचे एक बोट दाबून शंभर कमी करायला बघितले, तर तिने त्याला नख लावले. बापाची ओळख धरायची नाही, हे दलालीचे पहिले कलम तिला कुणी शिकवले होते कोण जाणे. त्याला चीड यायला हवी होती. त्याऐवजी छाती भरून आली. पलीकडे कल्याणरावांची मान हललेली त्याने पाहिली आणि हाताला झटका दिला.

"पक्का," संस्कृती म्हणाली. "आता दलाली."

कल्याणरावांकडून तिने दोन वर्षे सूर उतरले तर फुकट जुळवून मागितले, आणि पेटीचे कव्हर. ते त्यांनी तिथल्या तिथे दिले.

मग ती बापाकडे वळली. "तुमच्याकडून क्लासची फी. दर महिन्याच्या एक तारखेला. पेटी आली म्हनून क्लास बंद करायचा न्हाई."

गोरक्षच्या डोळ्यांपुढे गोठ्याची पत्र्याची भिंत आली. "दलाली शेकडा दोन असती," तो म्हणाला.

"ती जनावराची. बोट कशाचं ते आधी सांगायला पायजे हुतं, तसं दलाली किती तेबी आधी इचारायला पायजे हुतं."

कल्याणराव चष्मा पुसू लागले. मुक्ताबाईने ढोलकीवर एक थाप मारली, अजून एका बाजूचे पान चढायचे होते तरी. गोरक्षने मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. पावणेदोन वर्षांत फिटणारी पेटी आता कधीच फिटणार नव्हती. पण मधल्या माणसाची दलाली त्याने आजवर कुणाला बुडवू दिली नव्हती, आणि ती बुडवणारा पहिला माणूस आपणच व्हावे, हे त्याला तिथे, तीन माणसांच्या देखत, जमणारे नव्हते. शिवाय त्याला कळून चुकले होते की भर बाजारात आपल्यासमोर असा दलाल उभा राहिला तर आपले कठीण आहे. तो हसू लागला, आणि हसता हसता त्याने पोरीच्या हाताला झटका दिला.

"पक्का," तो म्हणाला.

चौदाशे रुपये कमी पडत होते. कल्याणराव म्हणाले, सवडीने द्या, आणि पेटी स्वतः बोळाच्या तोंडापर्यंत उचलून आणली.

परतीच्या एस.टी.त पेटी दोघांच्या मांडीवर होती. कंडक्टर आधी सामानाचे तिकीट म्हणाला, मग म्हणाला, वाजवत असाल तर नको. इमामपूरच्या घाटात गाडी हळू झाली तशी संस्कृतीने चादर बाजूला केली आणि तेच आपले सा रे ग म, दोन-दोन आणि तीन-तीन, एवढेच वाजवले. गाणे तिला अजून एकच येत होते आणि ते घाटात बसत नव्हते. तरी मागच्या सीटवरची माणसे उठून बघू लागली. एकाने गोरक्षला विचारले, केवढ्याला पडली. गोरक्षने उपरणे काढून त्याच्या हातावर टाकले आणि खालून बोटे धरली. तो बिचारा शेवगावकडचा कापडदुकानदार होता. घोडेगाव येईपर्यंत तो आपल्या बोटांकडे बघत राहिला.

घरी पुष्पावतीने नव्या म्हशीला लावावे तसे पेटीला हळदीकुंकू लावले. क्लासचे काय, हे तिने विचारले नाही, पण गोरक्षने स्वतःच सांगितले, आवाज जरा मोठा करून, म्हणजे भिंतीपलीकडेही ऐकू जाईल असा. "फी एक तारखेला मी देनार. दलाली हाय ती."

रविवारी सकाळी तो स्वतः पेटी मोटारसायकलवर बांधून सोनईला घेऊन गेला. आरती मॅडमनी ती उघडून वाजवून पाहिली, दुसऱ्यांदा वाजवली आणि किती पडले, असे विचारले. या वेळी मात्र गोरक्षने तोंडाने सांगितले, आणि वर सगळा सौदा पहिल्यापासून सांगितला, हातवारे करून. मॅडम हसून हसून खाली बसल्या. संस्कृतीचे नाव तुकडीच्या यादीत चढले, आणि तिथेच तिला पहिल्या रांगेत जागा मिळाली.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला गोरक्ष गिरणीच्या वरच्या खोलीत सहाशे रुपये देऊन येतो. बाजार शुक्रवारचा, आणि एक तारीख गुरुवारी आली तर उसने घेऊन देतो, पण देतो. नोव्हेंबरमध्ये संस्कृती परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढच्या परीक्षेची फी वाढली आहे, तीही भरली.

कल्याणरावांचे चौदाशे होते. दिवाळीत हजार दिले. चारशे रुपये अजून द्यायचे आहेत.